उपग्रहाचं प्रस्थान

अमावास्येचा शोध दत्तारामला दात घासताना लागला.

उद्याच्या पाडव्याचा लाल आकडा डोळे भरून बघावा म्हणून तो कॅलेंडरापाशी गेला होता. लाल आकड्याच्या अलीकडच्या चौकोनात काळा गोळा होता. त्याने चष्मा आणला. चष्म्यातून गोळा जास्तच काळा दिसला. तोंडातला फेस तसाच ठेवून तो समोरच्या दारात, म्हणजे धाकट्या भावाच्या घरात शिरला.

"काशी! आज अवस!"

काशीराम आरशासमोर दाढी करत होता. गिरणी बंद पडल्यापासून तो गुरुवारीही दाढी करायचा. संप फसला, मग देवाची तरी भीड कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

"असू दे की."

"असांदे काय? आज ता उडतला मां?"

ता म्हणजे उपग्रह. घाटकोपरच्या पंतनगरातल्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही बिऱ्हाडांत त्याचं नाव कुणी घेत नसे. लग्न ठरायच्या आधी मुलाचं घेत नाहीत तसं. ता दुपारी बाराच्या पुढे रशियातून उडणार होता. आपला उपग्रह, त्यांचं रॉकेट. वरून तो पृथ्वीचे फोटो काढणार होता, आणि आपल्या देशाने इतकं बारीक बघणारा डोळा याआधी कधी वर पाठवला नव्हता. ही माहिती काशीरामच्या मुलीने, नलिनीने, गेल्या महिन्यात घरात आणली होती आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. कारण नलिनीचं पुढचं आयुष्य त्या रॉकेटला बांधलेलं होतं. आणि ते बांधलं होतं खुद्द दत्तारामने.

झालं होतं असं. नलिनी दोन वर्षं पवईला परक्या देशांच्या उपग्रहांचे फोटो वाचत होती. गोराईच्या खाडीत खारफुटी किती उरली, हे ती गोराईला न जाता सांगायची. आता तिची हैदराबादला निवड झाली होती. नव्या उपग्रहाचे फोटो तिथेच उतरणार होते. पण नेमणुकीत अट होती: उपग्रह कक्षेत जाऊन नीट बसला तर सोमवारी हजर व्हा, नाही बसला तर नेमणूक नाही. दुसऱ्या बाजूला मुलुंडचा शरच्चंद्र होता. बँकेत नोकरी, स्वतःचा ब्लॉक, दत्तारामच्या बायकोच्या, विमलाच्या, माहेरच्या नात्यातला. त्याच्या घरच्यांना पाडव्याच्या आत उत्तर हवं होतं, आणि ठाण्याच्या पुढे न जाणारी सून हवी होती.

नलिनी शरच्चंद्राबद्दल वाईट काहीच बोलली नव्हती. "माणूस बरा आहे," ती म्हणाली होती. "पुढच्या वर्षीही बराच असेल."

रविवारी चौघं मोठी माणसं बसली. काशीराम म्हणाला, हैदराबाद. दत्ताराम आणि विमला म्हणाले, मुलुंड. नलिनीची आई सुगंधा म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." या घरात ते मत पंचवीस वर्षं विरोधात मोजलं जात होतं. तरी दत्तारामने मोठेपणा दाखवला. म्हणाला, आपण माणसं कोण ठरवणारी? रॉकेटालाच कौल लावू. वर गेलं तर हैदराबाद, खाली आलं तर मुलुंड. गेल्या वर्षी आपलं एक रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं होतं, हे त्याने पेपरात वाचलं होतं, म्हणून त्याला मोठेपणा परवडत होता.

आणि आता अमावास्या.

विमला मागोमाग आली होती. तिने कपाळाला हात लावला. "अहो, अवस असली तर आपल्याला बरंच की! पडेल ते."

दत्तारामने वळून बघितलं. तोंडातला फेस तोवर संपला होता. कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

"पडूचा असात तर आपल्या गुणान पडांदे. आमच्या हयगयीन नको."

"आपली हयगय कसली? रशियाने दिवस काढलाय."

"शिरा पडो त्या रशियनांच्या पंचांगार! उद्या पाडवो. साडेतीन मुहूर्तांतलो एक. एक दिस रवाक काय झाला असता? नवी होडी अवसेक कोण पाण्यात लोटता काय? आणि ता काय परक्याचा असा? काशीच्या हातचा असा त्याच्यात!"

त्याच्या बोटाच्या दिशेने सगळ्यांनी देवाच्या फळीकडे बघितलं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी ब्रॅकेट होती. गिरणीनंतर काशीराम घाटकोपरातल्याच एका गाळ्यात मिलिंग मशिनवर लागला होता, आणि दोन वर्षांपूर्वी तिथे अशा ब्रॅकेटची ऑर्डर आली होती. एकीचं भोक केसभर सरकलं, ती नापास झाली, म्हणून काशीरामने ती घरी आणली. तिच्यात आता उदबत्ती खोचत. ब्रॅकेट कशाला लागणार हे गाळ्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकं गुप्त म्हणजे उपग्रहाचीच, असं काशीरामने तेव्हाच ताडलं होतं. ते त्याने आधी बायकोला, मग भावाला, मग सबंध इमारतीला सांगितलं होतं.

"ती पंख्याची असली तर?" विमलाने विचारलं.

काशीरामने वस्तरा खाली ठेवला. "वैनी, पंख्याच्या ब्रॅकेटला कुणी भिंगातून तपासत नाही."

विमलाने ब्रॅकेटवरची राख पदराने पुसली.

"अवस कधी लागता?" दत्तारामने पंचांग मागवलं. अमावास्या सकाळी उशिरा लागत होती. तोवर चतुर्दशी. चतुर्दशीचीही पंचांगात फारशी अब्रू नव्हती, पण अमावास्येच्या शेजारी उभी केल्यावर ती सोज्वळ दिसत होती.

"मगे वेळ असा," दत्ताराम म्हणाला. "प्रस्थान ठेवया."

*

प्रस्थान ही तशी साधी गोष्ट. वाईट दिवशी निघणं टळत नसेल, तर आधीच्या बऱ्या वेळेला प्रवाशाची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला, असं धरतात. मग तो वाईट दिवशी निघाला तरी काही बिघडत नाही. तो आधीच निघालेला असतो. काशीराम पहिल्यांदा मुंबईला आला तेव्हा तो बंदरावर पोचायच्या तीन दिवस आधी त्याची टोपी सुताराच्या घरी निघून गेली होती.

नलिनी केस विंचरत बाहेर आली तेव्हा घरात उपग्रहाच्या वस्तूवर, म्हणजे ब्रॅकेटवर, एकमत झालं होतं आणि दिशेवरून अडलं होतं. ज्या दिशेला जायचं त्याच दिशेच्या घरात वस्तू ठेवावी लागते.

"नले, ता खंयच्या दिशेक जातला?"

नलिनीला हसू आलं, पण तिने फणी दातांत धरली. आबांनी, म्हणजे दत्तारामने, गंभीरपणे विचारलेल्या प्रश्नाला गंभीरपणेच उत्तर द्यायचं, ही तिची लहानपणापासूनची पद्धत. त्यामुळे तिला या घरात बरंच काही करायला मिळालं होतं.

"तो उत्तर-दक्षिण फिरणार, आबा. दोन्ही ध्रुवांवरून. आणि खालून पृथ्वी फिरत राहणार, म्हणजे सगळी जमीन हळूहळू त्याच्या नजरेखालून जाते."

"पण आधी? पयला पाऊल खंय?"

"आधी वर."

सगळ्यांनी वर बघितलं. वर छत होतं. छतावर स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"गच्चीवर ठेवू," काशीराम घाईने म्हणाला.

"गच्ची म्हणजे घर न्हय. जंय चूल पेटता ता घर."

तिसऱ्या मजल्यावर, बरोबर डोक्यावर, अंबादासची चूल पेटत होती. अंबादास पालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायचा. त्याचे वडील विदर्भातून आले ते बुद्धाला शरण जाऊनच आले होते. मुहूर्त, नवस, नारळ, यांतलं काही त्याच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. काशीरामचं त्याच्याकडे रोजचं जाणं-येणं. दत्तारामचं मात्र असं होतं, की वरून चहाचं बोलावणं आलं की त्याला उपास असायचा. बारा वर्षांत त्याचे इतके उपास झाले होते, की खरे धरले असते तर तो केव्हाच संत झाला असता.

"मी नेऊन देतो," काशीराम म्हणाला.

"घरातल्या मोठ्यान न्हेवचा लागता," दत्ताराम म्हणाला. नियम त्यानेच सांगितला आणि सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मोठा तोच आहे.

*

सुगंधाने खणाचा हिरवा तुकडा पसरला. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि मधोमध ब्रॅकेट. बाहेर तिघांचं चाललं होतं: चपला घालून जायचं की अनवाणी.

'तुम्ही ठरवाल ते' असं म्हणणाऱ्या बाईकडे एक सोय असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. सुगंधाने सुयांचा डबा उघडला. तळाशी नलिनीची शाळेतली लाल रिबीन होती, कडेला उसवलेली. सातवीत ही रिबीन बांधून मुलगी नकाशा काढायच्या स्पर्धेला चेंबूरला गेली होती आणि येताना चुकीच्या बसने आरे कॉलनीत पोचली होती. संध्याकाळी घरी आली ती रडत नव्हती. म्हणाली, आई, म्हशींचे तबेले कसे ओळीत आहेत गं, वरून किती छान दिसत असतील.

सुगंधाने रिबीन ब्रॅकेटच्या भोकातून ओवली आणि तांदळाखाली सारली. उपग्रह निघालाच आहे, तर सोबत होईल. एवढाच विचार तिने केला. याच्यापुढचा विचार करायला घाबरत होती असं नाही. दूध उतू चाललं होतं.

"बांधलंस?" विमला आत आली. "ही गाठ? जिनाही चढायची नाही ही. तुझी एक गाठ कधी टिकली आहे? आण इकडे."

"ताई, राहू दे ना, मी—"

"दूध बघ."

विमला बोचकं घेऊन आपल्या घरात गेली आणि बऱ्याच वेळाने आली. आता गाठ अशी होती की सोडवायला सुरी लागावी. सुगंधा जावेच्या तोंडाकडे बघत राहिली. विमलाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं; नेहमी काहीतरी असायचं.

"त्या घरून रिकाम्या तोंडाने यायचं नाही हां," विमला नवऱ्याच्या हातात बोचकं देत म्हणाली. "जिथं प्रस्थान ठेवतात तिथलं काहीतरी खाऊनपिऊन यावं लागतं. नाहीतर लागू होत नाही."

"ह्या माका ठावक नाय."

"तुम्हाला कुठे सगळंच ठाऊक असतं?"

हा नियम तिने त्याच क्षणी तयार केला होता. पण दत्तारामचं नियमांपुढे काही चालत नसे, मग ते कितीही ताजे असोत.

*

तिसऱ्या मजल्याचा जिना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यासारखाच निघाला. दत्तारामला उगाच वाटलं होतं, वेगळा असेल.

अंबादासने दार उघडलं. बनियनवर होता, हातात पेन्सिल. दारात दत्ताराम अनवाणी, कपाळाला गंध, दोन्ही हातांत हिरवं बोचकं, मागे काशीराम आणि नलिनी. अंबादासने आधी काशीरामकडे बघितलं. काशीरामने डोळ्यांनीच सांगितलं, मला विचारू नकोस.

"दत्तारामभाऊ? या. काय झालं?"

"ह्या ठेवन घे."

"काय आहे?"

"उपग्रह."

अंबादासने पेन्सिल कानावर ठेवली. नलिनीने चार वाक्यांत सगळं सांगितलं: अमावास्या, मुहूर्त, दिशा, ब्रॅकेट. अंबादासने मुलांची उत्तरं ऐकतात तसं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मी मानत नाही, भाऊ. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," दत्ताराम शुद्ध मराठीत आला. नाराज झाला की तो शुद्ध बोलायचा. "तू मानू नकोस. नुसतं ठेव."

"ठेवून घेतलं म्हणजे मानल्यासारखंच झालं. परवा वर्गात पोरांना काय सांगू? उपग्रह आमच्या कपाटावरून गेला?"

"पोरांना कोण सांगतंय?"

"मी सांगेन ना! मला राहवणार आहे का?"

आतून त्याची बायको शकु आली. तिने हात पुसत बोचक्याकडे बघितलं. "सामान म्हणून ठेवा की. गावी जाणाऱ्यांच्या पिशव्या ठेवतोच आपण. पिशवीत काय आहे ते आपण विचारतो का?"

"पण हे सांगून ठेवतायत, शकु."

"तर ऐकलं नाही म्हणा."

अंबादासने विचार केला. "सामान म्हणून ठेवतो. हळद-कुंकू नाही, हात जोडणं नाही. आणि पडलं तर माझ्या घराला नाव ठेवायचं नाही."

"आणि गेलं तर?" नलिनीने विचारलं.

"गेलं तर इंजिनिअर लोकांनी पाठवलं."

"कबूल," दत्ताराम म्हणाला. त्याने हात जोडायला उचलले होते ते वाटेतच वळवून कान खाजवला. बोचकं नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी कपाटावर बसलं. खाली अजून चतुर्दशी चालू होती.

शकु म्हणाली, "चहा टाकते. की उपास आहे?"

तिने हे साधेपणाने विचारलं. दत्तारामला मात्र बारा वर्षं एकदम ऐकू आली. काशीराम नकाशा बघायला लागला, नलिनी दुसरा नकाशा बघायला लागली.

"नाही," दत्ताराम म्हणाला. "आज नाही."

चहात आलं जास्त होतं. त्याला आलं जास्त आवडायचं. बारा वर्षं हा चहा बरोबर डोक्यावर उकळत होता, या विचाराने त्याला थोडं फसवल्यासारखं वाटलं. कुणी फसवलं ते नीट कळेना.

*

दुपारी नलिनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. पवईला सगळे फोनभोवती जमले असणार. ती मुद्दाम गेली नव्हती. कौल लागायचा तर ज्याच्यावर लागतो त्याने समोर असावं, असं तिने आबांना सांगितलं होतं, आणि ते त्यांना फार पटलं होतं.

"रशिया खंय येता गो?"

"बोरिवलीच्या बाजूला, आबा. जरा पुढे."

दत्ताराम बोरिवलीकडे तोंड करून उभा राहिला. उन्हात डोळे मिचकावत त्याने विचारलं, "आमची बिल्डिंग दिसतली त्याका?"

"आपली आणि शेजारची मिळून एक ठिपका दिसेल."

"म्हणजे मी आणि तो शेजारचो गुजराती, एकाच ठिपक्यात?"

"हो."

"आणि ह्या ठिपक्यासाठी तू हैदराबादाक जातलंस?"

"असे कोट्यवधी ठिपके असतात, आबा. हिरवा, निळा, लाल, आणि डोळ्याला न दिसणारा एक रंग, असे चार चार वेळा मोजलेले. भात पिवळं पडायच्या आधी ठिपक्याला कळतं. विहिरीला पाणी कुठे लागेल त्याचा अंदाज येतो. खाडी कुणी बुजवत असेल तर बुजवायच्या आधी अन् नंतर, दोन्ही दिसतं. आणि बाविसाव्या दिवशी तो परत त्याच जागेवरून जातो. आपण कुठेही गेलो तरी तो इथून जाणार."

ती हे देवाला गाऱ्हाणं घालावं तशा सुरात बोलली नाही. उद्या भाजी काय करायची तसं बोलली. तिला भीती नव्हती असं नाही. पण दोन वर्षं तिने त्या यंत्राच्या चाचण्यांचे आकडेही वाचले होते, ते बनवणाऱ्यांची अक्षरंही तिला ओळखू यायची. माणसं नीट काम करणारी होती. नीट केलेलं काम बहुतेक वेळा वर जातं.

दत्ताराम बोरिवलीकडून आरे कॉलनीच्या दिशेला वळला. मग म्हणाला, "म्हशी दिसतत?"

"म्हशी नाही. तबेले दिसतील."

*

दुपारच्या बातम्यांना सगळे अंबादासच्या घरी जमले, कारण त्याच्या रेडिओची तार गच्चीपर्यंत गेली होती. दत्ताराम खुर्चीवर, काशीराम उभा, सुगंधा आणि विमला दाराशी. शकुने सगळ्यांना सरबत दिलं आणि दत्तारामने न सांगता घेतलं.

पहिली बातमी दिल्लीची होती. दुसरी नव्हती. दुसरी उपग्रहाची होती. निवेदिकेने ती कांद्याचे भाव सांगतात त्याच आवाजात सांगितली: उपग्रह आज दुपारी सोव्हिएत रशियातून यशस्वीपणे सोडण्यात आला, तो ठरलेल्या कक्षेत पोचला असून त्याच्याकडून संदेश येत आहेत.

अंबादासने टाळी वाजवली. एकदाच, पण खणखणीत. शकुने नलिनीला जवळ घेतलं. काशीराम खिडकीपाशी गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"माझी ब्रॅकेट गेली," तो खिडकीला म्हणाला.

"तुमची ब्रॅकेट कपाटावर आहे," अंबादास म्हणाला.

"तिची बहीण गेली."

सगळ्यांनी दत्तारामकडे बघितलं. कौल त्याचा होता. तो उजवा पडला होता. दत्ताराम हरल्यासारखा दिसायला हवा होता. तो काळजीत दिसत होता.

"पण घोटाळो झालो," तो म्हणाला. "प्रवासी गेलो आणि प्रस्थान हंयच रवला. जाताना ता उचलून घेवचा लागता. घरात परत न्हेवचा नाय, तसाच ठेवचा नाय. आता ह्या घेवन कोण जातला?"

"वर?" अंबादासने विचारलं.

"थट्टा नको. बोचक्यात ज्याची वस्तू असता, त्यानच घेवन पुढे जावक होया. नायतर ठेवलेला प्रस्थान फुकट."

"मग ब्रॅकेट माझी म्हणून मी घेऊन जातो," काशीराम म्हणाला. "कुठे जाऊ? विक्रोळी?"

"आधी सोडा तर खरं," शकु म्हणाली.

गाठ कुणाला सुटेना. शेवटी सुरी आली. खणाचा तुकडा उघडला, तांदूळ नकाशावर सांडले, ब्रॅकेट निघाली, आणि तिच्या भोकातून ओवलेली लाल रिबीन.

"ही नलूची," काशीराम म्हणाला आणि बायकोकडे वळला. सुगंधाने पदर नीट केला.

"तुम्ही ठरवाल ते म्हणाले होते," ती म्हणाली. "काय ठरवाल ते कुठे म्हणाले होते?"

खणाच्या घडीत आणखी काहीतरी कडक होतं. दत्तारामने ते स्वतः बाहेर काढलं. फोटो. नलिनीचा, स्टुडिओत कुंडीला हात लावून काढलेला. आज संध्याकाळी विमला जो मुलुंडला घेऊन जाणार होती, तोच. एकच प्रत होती.

"ह्यो हंय कसो इलो?"

"चुकून गेला असेल," विमला म्हणाली.

"गाठ तू मारलंस."

"मग तीही चुकून मारली असेन."

"सुरी लागली, विमल!"

विमला दाराची चौकट सोडून पुढे आली. अंबादासच्या घरात ती इतकी पुढे पहिल्यांदाच आली होती. "मुलुंड माझं माहेर आहे, मला विचारा. ते कुठे पळून जात नाही. शरच्चंद्र तर त्याहून नाही. आणि मला टेलिफोन एक्स्चेंजात घेतलं होतं, आठवतं? पुण्याला. तुम्ही म्हणालात, यंदा मुहूर्त नाही, बघू. तीस वर्षं झाली, अजून बघतोय आपण." तिचा आवाज चढला नव्हता, पोळ्या लाटतानाचा आवाज होता. "आज सकाळी तुम्ही एका डब्यासाठी अर्ध्या तासात मुहूर्त काढलात. अनवाणी जिना चढलात. म्हटलं, काढता येतो म्हणजे. तर हिचाही काढून घ्यावा."

रेडिओवर शेअरबाजार लागला होता. अंबादासने तो हळूच बंद केला.

दत्ताराम फोटोकडे बघत होता. हिशेब अगदी सरळ होता, आणि त्याच्याच नियमांनी बांधलेला. आज सकाळी, अमावास्या लागायच्या आधी, घरातल्या मोठ्या माणसाने, योग्य दिशेच्या घरात, चूल पेटती असताना, खाऊनपिऊन, एक चूक न करता, त्याने स्वतःच्या हातांनी पुतणीला घराबाहेर काढलं होतं.

"नले," तो म्हणाला. "तू सकाळीच गेलंस गो."

"हो आबा," नलिनी म्हणाली. तिने फणी दातांत धरली असती, पण फणी खाली होती. "मला आत्ता कळलं."

"आता ह्या बोचका घेवन खाली येवचा नाय. ता हंयच रवात. शनिवारी गाडयेक जाताना हंयसून उचल आणि तशीच जा. मागे बघू नको." तो अंबादासकडे वळला. "दोन दिवस ठेवशील ना? सामान म्हणून."

"ठेवतो," अंबादास म्हणाला. "पण पहिला नकाशा माझ्या वर्गाला."

"देईन," नलिनी म्हणाली. "गोराई, आरे, सगळं."

"आणि उद्या पाडव्याक," दत्ताराम शकुकडे न बघता म्हणाला, "श्रीखंड पाठवतो. म्हणजे, घेवन येतो."

"या," शकु म्हणाली. "उपास नसला तर."

*

फोन खाली वाण्याच्या दुकानात होता, तुरीच्या डाळीच्या पोत्यामागे. दत्ताराम अनवाणीच उतरला होता. विमला बरोबर आली होती. नंबर तिनेच फिरवला, एका बोटाने, भराभर, न बघता. मग रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला आणि डाळ निवडायला आल्यासारखी पोत्यापाशी उभी राहिली.

पलीकडे शरच्चंद्राचे वडील होते. दत्ताराम घसा खाकरून शुद्ध मराठीत शिरला.

"नमस्कार. मी दत्ताराम, पंतनगरहून. हो, हो, उत्तराचंच. त्याचं असं झालं, की मुलगी निघाली... हैदराबादला. नोकरी आहे. सरकारी... आज सकाळीच निघाली, चतुर्दशीला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दत्तारामने वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नलिनी वाकून आकाशाकडे बघत होती, जिथे दुपारी काहीच दिसत नव्हतं.

"नाही, नाही," तो म्हणाला. "घरीच आहे ती. पण निघाली."